सीमाप्रश्नाची बातमी पारखून कशी वाचावी

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या भागात सीमाप्रश्नाची एखादी बातमी आली की न्यायालय, जिल्हा प्रशासन आणि दोन्ही सरकारे यांच्याविषयीचे मत तासाभरात बनते, आणि ते बहुतेक वेळा मूळ आदेशावरून नव्हे तर मथळ्यावरून बनते. म्हणून संस्थेने प्रत्यक्ष काय केले आणि माध्यमाने ते कसे मांडले, हे आधी वेगळे करावे.

व्हॉट्सॲपवर वर्तमानपत्राचे कात्रण आले तर प्रथम त्याच्या कडा पाहाव्यात. तारीख आणि वृत्तपत्राचे नाव कापलेले असेल, तर जुनीच बातमी नव्याने फिरत असण्याची शक्यता असते. बातमी न्यायालयाची असेल, तर महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेल्या मूळ दावा क्रमांक ४ मधील आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहावा. सुनावणी लांबणीवर पडणे म्हणजे दावा फेटाळला जाणे नव्हे, आणि हा फरक मथळ्यात सहज हरवतो.

नेत्याचे वक्तव्य असेल, तर ते कोणत्या खात्यावरून आले हे तपासावे. डिसेंबर २०२२ मध्ये वाहनांवर दगडफेक होऊन वातावरण तापलेले असताना, १४ तारखेला दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाल्यावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांमुळे तेढ वाढल्याचे सांगितले. असा खुलासा येईपर्यंत राग मनात रुजलेला असतो, आणि हेच मला सर्वांत घातक वाटते.

छापील वृत्तपत्रही चुकते, मात्र त्यावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे असतात, आणि संपादकांनी दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. शक्य असेल तेव्हा मराठी दैनिकाशेजारी त्याच दिवसाचे कन्नड दैनिक ठेवावे, कन्नड वाचता येत नसल्यास घरातील शाळकरी मुलांकडून वाचून घ्यावे, आणि विशेषणे सोडून आदेशाची तारीख, क्रमांक व तो काढणारा अधिकारी एवढेच जुळवून पाहावे.

तरीही शंका उरली, तर संबंधित कार्यालयाकडे आदेशाची प्रत मागावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. त्यामुळे प्रत नाकारली गेल्यास तक्रार निःसंकोच मराठीतच लिहावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.