पुरानंतर गावात सिनेमा दाखवायचा, तो कसा?

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात नद्या पात्राबाहेर आल्या. हाताशी आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, कुठे दावणीची जनावरं वाहून गेली, कुठे रानातली मातीच खरडून गेली. नुकसानीचा पंचनामा होतो. आभाळ भरून आलं की झोप उडते, पोरगं नदीकडे गेलं की आईच्या पोटात गोळा येतो, त्याला पंचनाम्यात रकाना नसतो.

त्यावर बोलण्यासाठी बैठक बोलावली, तर येतील ती चार माणसंही गप्प बसतील. सिनेमाला मात्र लोक येतात, आणि दुसऱ्याच्या गोष्टीवर बोलता बोलता स्वतःच्या गोष्टीवर येतात.

वेळ आणि जागा

घरातला गाळ निघायच्या आत पडदा लावू नका. तेव्हा धान्य, चारा आणि अंथरूण-पांघरूण लागतं. रब्बीची पेरणी उरकली की बघा. बीड-धाराशिवकडच्या बऱ्याच गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्यामुळे त्या घरांसाठी दुसरा खेळ कारखाने बंद झाल्यावरच ठेवावा लागेल. बाजाराचा दिवस आणि सप्ताह टाळा.

देवळाचा सभामंडप सोयीचा असतो, पण तिथे सगळे मोकळेपणाने येतात का, हे आधी स्वतःला विचारा. पाणी पहिलं शिरतं ते बहुतेक ओढ्या-नदीकाठच्या गरीब वस्तीत. त्या वस्तीलाच परकं वाटेल अशी जागा काय कामाची? जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण बरं.

सिनेमा कोणता

आपल्याच गावच्या पुराचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ जोडून दाखवावेत, असं कुणीतरी हमखास सुचवेल. नाही म्हणा. स्वतःचं पडलेलं घर पडद्यावर बघताना माणूस बोलत नाही, आतल्या आत मिटतो. गोष्ट लांबची असावी, दुखणं ओळखीचं. अर्ध्या-पाऊण तासाचा माहितीपट सगळ्यात चांगला, कारण पुढे बोलायला वेळ उरतो. ‘कडवी हवा’ (२०१७) या हिंदी चित्रपटात दुष्काळी गावातला आंधळा म्हातारा आणि ओडिशाच्या किनाऱ्याकडचा कर्जवसुलीवाला समोरासमोर येतात. कोरडं आणि ओलं संकट एकाच गोष्टीत येतं. पण कर्जापायी मुलगा जीव देईल ही म्हाताऱ्याची भीती त्यात सतत आहे. म्हणून पहिल्या खेळाला मी तो घेणार नाही. तुम्ही निवडाल तो सिनेमा आधी स्वतः शेवटपर्यंत बघा, गावच्या आशा सेविकेला, म्हणजे आशाताईंनाही दाखवा.

यूट्यूबवर आहे म्हणजे चौकात दाखवायची मुभा आहे, असं नाही. निर्मात्याला मेल करून लेखी परवानगी घ्या. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री दहाला तो बंद करावा लागतो.

यंत्रांचं थोडक्यात: सिनेमा पेनड्राइव्हवर ठेवा, रेंजच्या भरवशावर राहू नका. लाइट जाणारच, इन्व्हर्टर किंवा जनरेटर सांगून ठेवा. पडद्यापेक्षा आवाजावर खर्च करा. चित्र थोडं फिकं चालतं, संवाद ऐकू आला नाही तर लोक उठून जातात.

सुरू करण्याआधी

सत्कार, हार-नारळ, भाषणं काही नको. दोनच वाक्यं सांगा: यात पुराचं पाणी आणि गडगडाट आहे, कुणाला नको वाटलं तर उठून जावं, कुणी काही विचारणार नाही. आशाताईंना कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसवा. लहान मुलांना वेगळ्या वर्गात चित्रं काढायला बसवलेलं बरं.

नंतरचं बोलणं

खरं काम इथे आहे. माइक बंद करा. माइक हातात आला की पुढारीच बोलतात. आठ-दहा जणांचे गोल करा. बायकांचा वेगळा, आणि तो बचत गटातली एखादी शांत बाई चालवेल. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘चांगलं वाटलं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: सिनेमातल्या त्या माणसाने घर सोडायला उशीर का केला? त्याच्या बायकोने काय काय उचललं असेल? आपल्याकडे असं झालं तेव्हा आधी कोण कुणाच्या दारात गेलं?

पहिली पंधरा-वीस मिनिटं बोलणं अनुदानावर जाईल: कुणाचं नाव यादीत नाही, कुणाचं केवायसी अडकलंय. ‘विषय तो नाही’ असं म्हणून गप्प करू नका. राग हाही दुःखाचाच भाग असतो. एकाने वही घेऊन नावं आणि अडचणी लिहाव्यात, आणि वही दुसऱ्या दिवशी खरंच तलाठ्याकडे न्यावी. नेली नाही, तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही, आणि यायचं तरी का?

कुणालाही ‘तुझं सांग’ म्हणू नका. संकटातून आलेल्या माणसाला एकाच बैठकीत सगळं उगाळायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. कुणी रडू लागलं तर शेजारी बसा, पाणी द्या. ‘त्याच्यापेक्षा तुझं बरं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आणि फोटो बिलकूल नाहीत. रडणाऱ्या बाईचा चेहरा कार्यकर्त्याच्या स्टेटसवर गेला की गावाचा विश्वास संपला.

दुसऱ्या दिवशी

जे मध्येच उठून गेले, जे अजिबात बोलले नाहीत, त्यांच्या घरी चहाच्या निमित्ताने जाऊन या. झोप, जेवण तुटलं असेल, दारू वाढली असेल, जगण्यात राम नाही अशी भाषा येत असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिथेच बसून लावून द्या; फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. सोबत कोण जाईल आणि गाडीभाडं कोण देईल, हे त्याच घरी ठरवा.

पुढच्या खेळाची तारीख मात्र बचत गटातल्या बायकांना विचारूनच धरा.