एप्रिल-मेचा बर्फ ओलांडताना

सुट्टीत हिमालयात ट्रेकला जाणारे दिवसभराचा हवामान अंदाज बघतात. बर्फाचा उतार ओलांडायचा असेल, तर आदली रात्र कशी गेली ते आधी बघा. आभाळ निरभ्र असलं की बर्फातली उष्णता निघून जाते आणि दिवसा वितळलेला थर पुन्हा गोठतो, हवा शून्याच्या किंचित वर असली तरी. रात्रभर ढग राहिले किंवा पाऊस झाला, तर तो नीट गोठत नाही आणि उतारावरून हिमस्खलन होऊन सुटू शकतो. मग पहाटे तीनला निघूनही फायदा नाही. त्या दिवशी उभ्या उतारांच्या वाटेला जाऊ नका.

तंबूबाहेर पडल्यावर बर्फावर टाच मारा. नुसता ओरखडा उठला तर ठीक. पापुद्रा फुटून खाली ओल्या साखरेसारखा सुटा बर्फ लागला, तर ऊन पडल्यावर तो भाग फार वेळ धरणार नाही.

बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. काठी उताराच्या दिशेने बर्फावर टेकवा आणि तिच्यावर मोबाइल ठेवून कोन मोजा. पण पायाखालची जागा सपाट आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, डोक्यावर काय आहे ते बघा. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यालगत हिमस्खलनात सात पर्यटक गेले. तिथे कोणी शिखर चढत नव्हतं.

ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेच्या, दुपारनंतर पश्चिमेच्या. त्यामुळे सगळ्यांना एकच 'सुरक्षित वेळ' लावणं चुकीचं. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, खडकांखालून बर्फाचे गोळे घरंगळू लागले किंवा मुठीत दाबलेल्या बर्फातून पाणी ठिबकलं, की माघारी फिरा. खिंड अर्ध्या तासावर असली तरी. ओलं हिमस्खलन तुलनेने सावकाश येतं, पण वजनदार असतं आणि थांबताच घट्ट बसतं. हाताने उकरता येत नाही.

ओलांडताना एकेकाने जा, बाकीच्यांनी आडोशाला थांबून नजर ठेवा. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा सिग्नलने कळवणारं यंत्र, प्रत्येकाच्या अंगावर, जॅकेटच्या आत, चालू हवा. सोबत प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं. ट्रेकचे पैसे भरण्याआधीच हे सामान मिळणार का, ते विचारा. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजे उकरणार ते सोबतचेच.

कड्याच्या टोकाला बाहेर झुकलेल्या बर्फाच्या सज्जावर फोटोसाठी जाऊ नका, त्याखालीही रेंगाळू नका. दुपारी परतीच्या घळीत बर्फ मऊ झालेला दिसला, तर वर सुरक्षित जागी थांबा आणि तो पुन्हा गोठल्यावरच उतरा.