लिथियम चालू आहे? मग रक्त गोळीच्या आधी द्या

बायपोलर आजारावर लिथियम जुनं आणि भरवशाचं औषध, पण पुरेसा डोस आणि जास्त डोस यांत अंतर फार थोडं. म्हणून रक्तातली पातळी तपासतात. ती बहुधा ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात.

रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला लॅबमध्ये. सकाळचीही गोळी असेल तर ती खिशात ठेवा, सुई टोचून झाली की घ्या. आधीच घेतली तर आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो. लॅबवाले हे विचारतीलच असं नाही, आपणच सांगायचं.

गुडघेदुखीला मेडिकलमधून परस्पर आयबुप्रोफेन आणू नका, त्याने पातळी चढते. अळणी उपवास, जुलाब, मे महिन्यातला घाम यांनीही तेच होतं. हात जोरात थरथरले, उलट्या झाल्या, चालताना झोक जायला लागला तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा.

थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) कधी तपासायचं, तेही डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.