गाडी खरी कितीला पडते? आठ वर्षांचा हिशेब असा मांडा

गाडीचा खर्च विचारला की लोक मायलेज सांगतात. ‘लिटरला अठरा देते, किलोमीटरला सहा रुपये.’ सहा रुपये पेट्रोलला पडतात हो, गाडीला नाही. गाडीला किती पडतात ते काढायला वही-पेन पुरतं, ॲप वगैरे काही लागत नाही.

उदाहरणाला ८ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल हॅचबॅक घेऊ. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवायची आणि आठ वर्षांनी विकायची. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

पायरी १: ऑन-रोड किंमत

कोटेशनचा शेवटचा आकडा घ्या, पहिला नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो, म्हणजे इथे ८८,००० रुपये. नाशिकची एमएच-१५ ची पाटी लागली की ते गेले. विमा, नोंदणी धरून ९.३० लाख म्हणू. ॲक्सेसरीजचं ‘पॅकेज’ तिथेच नाकारा.

पायरी २: हप्ता आणि घसारा

मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. काही जण फक्त हप्ते जोडतात आणि शेवटी गाडी विकून काही येणार आहे हे विसरतात. काही जणांनी घसाऱ्याबद्दल कुठेतरी वाचलेलं असतं. ते हप्तेही धरतात आणि वर घसाराही. म्हणजे एकच पैसा दोनदा मोजला.

हप्त्यात मुद्दल असतं आणि व्याज असतं. मुद्दल ही गाडीचीच किंमत, फक्त तुकड्यातुकड्याने दिलेली. म्हणून वहीत हप्ता लिहायचाच नाही. लिहायच्या ओळी दोनच: एक, ऑन-रोड किंमत वजा विक्रीची किंमत (हाच घसारा), दोन, व्याज. एवढं पाळलंत तरी तुमचा हिशेब शोरूमच्या सेल्समनपेक्षा बरा असेल.

व्याज सोपं आहे. ७ लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण १४,५३०, एकूण व्याज १.७२ लाख. सेल्समन सात वर्षं सुचवणारच, कारण हप्ता ११,२६० वर येतो. व्याज मात्र २.४६ लाखांवर जातं. सात वर्षांचं कर्ज घेऊ नका. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर त्याखालचं मॉडेल बघा. आणि ‘आम्ही रोखीने घेतली, आम्हाला कसलं व्याज’ म्हणणाऱ्यांनी तेवढ्या रकमेवर बुडालेलं एफडीचं व्याज याच ओळीत लिहावं.

विक्रीची किंमत काढताना विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, उतरवून घेऊ नका. तिचा तक्ता ठरलेला असतो: गाडी वर्षाची होईपर्यंत १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षात २०, मग ३०, ४०, आणि पाचव्यात ५०. बाजाराला त्या तक्त्याशी देणंघेणं नाही. तिथे मॉडेलचं नाव, किलोमीटर आणि गाडी कितव्या मालकाच्या हातात आहे हे चालतं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या, आठ वर्षं जुन्या गाड्यांच्या नाशिकमधल्या पाच-सहा जाहिराती बघा. सगळ्यात महागडी सोडून द्या. उरलेल्यांतला मधला आकडा घेऊन त्यातून आणखी दहा टक्के उडवा, कारण जाहिरातीतली किंमत कुणाच्या हातात पडत नाही. ‘मी फुलासारखी जपलीय’ याचे वेगळे पैसे मिळत नसतात. एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर बोनस बाजूला काढून जुन्या गाडीचा भाव वेगळा विचारा. दोन्ही एकत्र सांगतात ते काही उगाच नाही.

आपण ३ लाख येतील असं धरू. मग घसारा ६.३० लाख, व्याज १.७२ लाख.

पायरी ३: विमा

नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) ऑन-रोड किमतीतच येतो, तो पुन्हा जोडू नका. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र त्यात सहसा पहिल्या वर्षापुरताच असतो. पुढच्या सात वर्षांना सरासरी १५,००० धरले तर १.०५ लाख. बारीकसारीक ओरखड्यांसाठी क्लेम करू नका. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्यातली सूट, २० वरून ५० टक्क्यांवर जातो. इंजिन प्रोटेक्शन मात्र घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर लावलेल्या गाड्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. पाण्यात उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवून चालू करायला गेलात आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. टोइंगवाल्याला बोलवा.

पायरी ४: पेट्रोल

कंपनीचं मायलेज विसरा. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत लिटरला १५ धरा. १०५ रुपयांच्या भावाने वर्षाला ७०,०००, आठ वर्षांत ५.६० लाख.

पायरी ५: सर्व्हिस आणि दुरुस्ती

पहिल्या तीन वर्षांच्या बिलांवर जाऊ नका. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन हे सगळं नंतर एकापाठोपाठ येतं. आठ वर्षांचे १.४० लाख पहिल्या दिवसापासून धरा.

पायरी ६: टोल, पार्किंग, पीयूसी, धुणं

महिना हजार, एकूण ९६,०००. मुंबईला वरचेवर जाणाऱ्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास बघावा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो ३,००० रुपयांना सुरू झाला, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. चालतो राष्ट्रीय महामार्गांवर, समृद्धीवर नाही.

बेरीज

१७.०३ लाख. महिन्याला १७,७०० च्या वर, किलोमीटरला २१ रुपये. त्यात पेट्रोल फक्त सात.

आता किलोमीटर बदलून बघा. वर्षाला ४,००० च चालली तर पेट्रोल कमी होतं, पण घसारा, व्याज, विमा जवळपास तेवढेच राहतात आणि किलोमीटर चाळीस रुपयांच्या पुढे जातो. सिडकोतून कॉलेज रोडला आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून एकदा गावी, एवढंच गाडीचं काम असेल तर रिक्षा, सिटीलिंकची बस आणि गावासाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते. तरी घ्यायची असेल तर तीन-चार वर्षं जुनी घ्या. मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, आणि हीच वही त्या गाडीला पहिल्या पायरीपासून तशीच लागू पडते.