दुःखात कविता लिहायचीय? एक ओळ परत परत येऊ द्या

आई गेली त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी गंगेवर जाऊन बसायचे (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), आणि समजूत घालणारं एकही वाक्य तेव्हा नको वाटायचं, पण बहिणाबाईंची एक ओळ मात्र डोक्यातून जायचीच नाही. ती अशी का धरून ठेवते आणि आपल्याला तसं काही लिहिता येतं का, ते सांगते.

आधी हे मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

आता बोटांवर मोजा, प्रत्येक ओळीत बरोब्बर 8 अक्षरं, म्हणून दोन-तीनदा म्हटलं की श्वास आपोआप त्या मापात येतो, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांना हे न शिकवता माहीत होतं. आणि वढाय (म्हणजे ओढाळ) दोनदा, हाकला दोनदा का, तर ढोर तसंच परत परत येतं ना! एकदाच "हाकला" म्हटलं असतं तर ते गेलंच असतं की. बहिणाबाई मनाला रागावत नाहीत, गप्प बस म्हणत नाहीत, शेतात रोज दिसणारं तेवढं सांगतात, आणि मला वाटतं सगळा धीर त्यातच आहे.

बालकवींच्या "आनंदी आनंद गडे"मधलं "इकडे तिकडे चोहिकडे" हे पालुपद, त्याची रीत वेगळी. मधे वारा, ऊन, चांदणं, संध्याकाळ बदलत राहतं आणि ओळ घरी परत येते. हाच कवी "उदासीनता"ही लिहितो हे विसरू नका.

आता तुमचं. घराबाहेर पडा, नाशकात असाल तर सोमेश्वरच्या धबधब्याकडे जा नाहीतर गंगापूर धरणाकडे, आणि सतत चालू असलेली एकच गोष्ट निवडा. तिला साध्या क्रियापदात पकडा. मी घाटावर हे लिहिलं होतं,

पाणी चाललं चाललं
मी पायरीशी बसले
पाणी चाललं चाललं
माझे पाय गार झाले

पहिल्यांदा पाणी सोडून चाललंय, आईसारखं. दुसऱ्यांदा शब्द तेच आहेत पण आता ते पायांना लागलंय. म्हणजे परत येणारी ओळ बदलायची नाही, तिच्या शेजारची बदलायची, हे जमलं नाही तर नुसतं बडबडगीत होतं. "सगळं ठीक होईल" असलं काही घुसडू नका, दुःखातल्या माणसाला ते लगेच खोटं लागतं. तीन-चारदा पुरे, पाचव्यांदा ओळ आली तर स्वतःला विचारा की शेजारी नवीन काय दिसलं, काही नसेल तर तिथेच थांबा.

कोणाला वाचून दाखवायची असेल तर हळू वाचा, परत येणारी ओळ दर वेळी अजून थोडी हळू, आणि जिथे श्वास संपतो तिथेच ओळ तोडा, वहीत स्वल्पविराम कुठेही असू दे.