काचेपलीकडे कुणी नसतं: घरून व्हॉइसओव्हर करताना या चुका टाळा

स्टुडिओत आवाज द्यायला गेलं की काचेपलीकडे एक रेकॉर्डिस्ट बसलेला असतो. हेडफोनमध्ये त्याचा आवाज येतो, "ताई, 'भ' फुटला, परत घ्या." नाहीतर, "पान वाजलं." नाहीतर नुसतंच, "पाणी प्या." आपण मनातल्या मनात चिडतो, परत घेतो, आणि काम नीट होऊन जातं.

घरी स्टुडिओ मांडला की हा माणूस नसतो, आणि क्लायंट काही त्याची जागा घेत नाही. 'भ' फुटला, म्हणजे 'भ' म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळला, तर तो कळवत बसत नाही. "छान आहे, कळवतो" म्हणतो आणि पुढचं काम दुसऱ्या कुणाला देतो. माझे पहिले आठ महिने असे गेले. नमुने पाठवत होते, स्तुती मिळत होती, काम मात्र येत नव्हतं. आपलं कुठे चुकतंय हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मग एकेक चूक स्वतःच शोधून काढावी लागली.

माइक घ्यायची घाई

सगळ्यात महागडी चूक हीच. मी बावीस हजारांचा कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) घेतला आणि दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये लावला. खाली चकचकीत फरशी, एका बाजूला सरकती काच, समोर कपाटाचा आरसा. ओळखीच्या एका रेकॉर्डिस्टने ऐकून विचारलं, "बाथरूममध्ये रेकॉर्ड केलंस का?" माइक चांगला होता, म्हणून तर त्याने ती खोली इतकी स्पष्ट टिपली होती.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागे 'टण्ण' अशी शेपटी ऐकू आली तर तीच शेपटी तुमच्या प्रत्येक शब्दाला चिकटलेली असणार. यावर लोक ऑनलाइन मिळणारे फोमचे काळे चौकोन भिंतीला डकवतात. एक इंची फोम फक्त वरचे, सळसळीचे सूर शोषतो. आवाजाचा जाड भाग, साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा, तसाच घुमत राहतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर न बोललेलं बरं.

माझ्या कामी आल्या आजीच्या गोधड्या. जुन्या नऊवारीच्या पाच-सहा थरांच्या, जड. कपडे वाळत घालायच्या दोन स्टँडवर चार गोधड्या टाकल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. यातही एक चूक मी महिनाभर केली: गोधड्या माइकच्या मागे लावल्या होत्या. व्हॉइसओव्हरचे बहुतेक माइक पुढून ऐकतात आणि मागचं कमी घेतात. माइकचं तोंड आपल्याकडे, म्हणजे आपल्या पाठीमागच्या भिंतीकडे. जाड कापड हवं ते आपल्या पाठीशी, मग दोन्ही बाजूंना, आणि जमलं तर डोक्यावर.

यातलं काहीही बाहेरचा आवाज अडवत नाही. घुमणं कमी करणं वेगळं आणि आवाज रोखणं वेगळं. दुकानदार दोन्हीला 'साउंडप्रूफ' म्हणतो आणि आपण फसतो. बाहेरच्या आवाजावर भाड्याच्या घरात एकच उपाय, घड्याळ. मी सिंहगड रोडला राहते. सकाळी दहापर्यंत कुकर आणि मिक्सर, मग भंगारवाला. चैत्रात पहाटेपासून कोकीळ. आणि जुलैपासून गणपतीपर्यंत संध्याकाळी नदीकाठी ढोलांचा सराव, त्यापुढे गोधडी काय करणार. म्हणून साडेदहा ते साडेबारा आणि दोन ते चार एवढंच माझं रेकॉर्डिंग. त्या वेळात पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीजच्या बटणापाशी गाडीची किल्ली ठेवते, म्हणजे तो परत चालू करायचा राहत नाही. एकदा राहिला होता, दोन किलो मटार गेले.

मागून येणारी घूं

शांत खोलीतही रेकॉर्डिंगखाली बारीक 'घूं' ऐकू येते, ती बहुतेक वेळा आपल्या विजेची, ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. जुन्या इमारतींत सॉकेटचं तिसरं भोक अनेकदा शोभेचंच असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून घूं घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसायचा धोका आहे. माइकची वायर विजेच्या वायरीला समांतर गुंडाळून ठेवू नका, एवढ्यानेही फरक पडतो.

खोली कितपत शांत हवी, याला एक जाहीर मोजपट्टी आहे. ऑडिओबुकसाठी अ‍ॅमेझॉनच्या एसीएक्स या व्यासपीठाचे निकष असे (डीबी म्हणजे डेसिबल, इथे शून्य ही सर्वांत वरची मर्यादा): शांततेतला गोंगाट उणे ६० डीबीच्या खाली, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये, आणि सर्वांत उंच टोक उणे ३ च्या वर नको. मराठी काम कुणाचंही असो, आपली फाइल या आकड्यांवर एकदा घासून बघावी. रेकॉर्ड करतानाची पातळी मात्र बरीच खाली ठेवा. टोकं उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहू द्या, व्हिडिओचं काम असेल तर सॉफ्टवेअरमध्ये फाइलचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

"पृथ्वी गोल आ"

साफसफाईच्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवण्याची चूकही मला चांगलीच महागात पडली. शाळेच्या ई-लर्निंगचं चाळीस मिनिटांचं काम होतं. खोलीचा गोंगाट लपवायला मी नॉइज गेट लावला. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज तो बंद करून टाकतो. दोन वाक्यांमधली जागा कशी स्वच्छ, काळीकुट्ट दिसायला लागली. मी खूश.

दोन आठवड्यांनी फोन आला. "मॅडम, वाक्यं अर्धवट आहेत." ऐकलं तर, "पृथ्वी गोल आ." "पाण्याचे तीन अवस्थांत रूपांतर होत आ." मराठी वाक्य शेवटाकडे उतरतं, आणि आपली निम्मी वाक्यं 'आहे'वर संपतात. त्यातला 'हे' म्हणजे जवळजवळ नुसता श्वासच. गेटने तो गोंगाट समजून कापला होता. दोनशेच्या वर वाक्यं परत घेतली, फुकटात.

तेव्हापासून गेट नाहीच. गोंगाट काढायचा तर थोडा, पाच-सहा डीबी, आणि गरज वाटली तर आणखी एकदा थोडा. एकदम वीस डीबी काढायला गेलात तर पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो. श्वासही कापून टाकू नका, नुसते हळू करा. श्वासच न घेणारा निवेदक पाच मिनिटं ऐकून बघा, आपल्यालाच गुदमरायला होतं.

'भ' फुटण्याचं औषध त्याहून सोपं. माइक तोंडापासून वीतभर, पण तोंडाच्या रेषेत नको, जरा बाजूला ठेवून आपल्याकडे वळवलेला. तोंडासमोर तळहात धरून 'पोपट', 'फणस', 'भाकरी' म्हणा, हवेचा झोत कुठे लागतो ते कळेल. तिथे माइक नको. जागा जमली की उभं राहायच्या जागी फरशीवर चिकटपट्टी लावा. चार दिवसांनी दोन ओळी परत घ्यायची वेळ येतेच, आणि चार बोटं सरकून उभं राहिलात तरी जोड ऐकू येतो. मूळ रेकॉर्डिंग सकाळचं असेल तर दुरुस्तीही सकाळीच करा. सकाळचा आवाज जाड असतो.

संहिता आली तशी वाचणं

मराठी संहिता बऱ्याचदा हिंदीवरून किंवा इंग्रजीवरून घाईत उतरवलेली असते. कधी कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना अर्धी जोडाक्षरं पडलेली असतात. स्टुडिओत कुणीतरी थांबवून विचारायचं, घरी आपण तसंच वाचून टाकतो. रेकॉर्डिंगच्या आधी पूर्ण संहिता मोठ्याने वाचा आणि सगळ्या शंका एकाच मेसेजमध्ये पाठवा. नावं कशी उच्चारायची, तेही त्यातच विचारा. अर्धं काम झाल्यावर सतरा मेसेज करणाऱ्याला कुणी परत बोलवत नाही.

आकड्यांत तर हमखास घोळ. शेतीच्या औषधाच्या जाहिरातीत '२.५ एकर' लिहिलेलं असतं. ते 'दोन पॉइंट पाच एकर' वाचलंत तर शेतकरी तिथेच हसतो, तो 'अडीच' म्हणतो. १.५ म्हणजे दीड. १४९९ रुपये 'चौदाशे नव्व्याण्णव' वाचायचे की 'एक हजार चारशे नव्व्याण्णव', हे ब्रँडला विचारून घ्या, कारण हिंदी जाहिरातीशी जुळवायचं असतं. शाळेचं काम असेल तर आणखी एक: २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. 'त्रेसष्ट' वाचायचं की 'साठ तीन', हे आधी विचारलं नाहीत तर तासभराचं काम परत करायला लागेल.

च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आपल्याला बोलताना आपोआप जमतात, कागदावरून वाचताना घसरतात. 'हे जग सुंदर आहे' मधलं जग वेगळं आणि 'मनासारखं जग' मधलं वेगळं. लिहायला दोन्ही सारखेच. हिंदी कामं जास्त करणाऱ्यांची जीभ सगळ्यांना एकच ज लावते, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. बोलीचंही तसंच. वऱ्हाडीत प्रत्येक वाक्याला 'बे' नसतं, आणि मालवणी नाकातून बोलली जात नाही. जी बोली आपली नाही तिला नाही म्हणावं. मी दोनदा म्हटलं, आणि दोन्ही क्लायंट पुढे प्रमाण मराठीच्या कामासाठी परत आले.

तीस सेकंदात मराठीचे साठ-पासष्ट शब्द आरामात बसतात. संहिता एकशे दहा शब्दांची असेल तर लोकलमध्ये शिरल्यासारखं वाचू नका. घड्याळ लावून एक वाचन पाठवा आणि म्हणा, हे बावन्न सेकंद होतंय, काय कापू?

हिशेब आणि हक्क

हे थोडक्यात सांगते. माझी चूक असेल तर परत घेणं फुकट, संहिता बदलली तर पैसे लागतील, हे दर सांगतानाच लिहून द्या. आवाज कुठे आणि किती काळ वापरणार तेही विचारा. गावातल्या रिक्षावरचा भोंगा आणि वर्षभर चालणारी टीव्हीची जाहिरात यांना एकच दर लावणारे आपल्यातलेच आहेत. नमुन्यासाठी पूर्ण संहिता वाचून देऊ नका, आठ-दहा ओळी पुरतात. १० टक्के टीडीएस कापून पैसे आले की तो आपल्या पॅनवर जमा झालाय का, ते आयकराच्या पोर्टलवर बघा. उद्यम नोंदणी मोफत होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि थकलेल्या बिलाच्या मेलमध्ये एवढी एक ओळ घातली तरी हालचाल होते. काम देण्याआधी 'नोंदणी फी' मागणारा किंवा पैसे पाठवायला क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगणारा, दोन्ही चोर. पैसे यायला पिन लागत नाही.

नवीन भानगड एआयची. एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन-तीन हजार वाक्यं, सपाट आवाजात वाचायची, असं काम आलं तर ते बहुधा यंत्राला तुमचा आवाज शिकवण्यासाठी असतं. करायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण विचारा, आणि एका जाहिरातीच्या दरात देऊ नका. बाकीच्या करारांत 'या आवाजावरून कृत्रिम आवाज बनवता येणार नाही' असं वाक्य घाला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. पण त्याचा आवाज सगळा देश ओळखतो. आपल्या हातात तो करारच.

फाइल पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून बारीक करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. एका माइकचा आवाज मोनोच, म्हणजे एकाच चॅनेलचा ठेवा. मूळ, कुठलीही साफसफाई न केलेली फाइल वर्षभर सांभाळा. माझी 'पृथ्वी गोल आ' ची मूळ फाइल असती तर एकही वाक्य परत घ्यावं लागलं नसतं.

आणि संपादन झाल्या झाल्या पाठवू नका. रात्रभर राहू द्या, सकाळी हातात संहिता आणि पेन्सिल घेऊन फोनच्या स्पीकरवर ऐका. तरीही काही सुटतंच, कारण आपण वाचलेलं आपल्याला पाठ झालेलं असतं आणि कान गाळलेले शब्द भरून घेतात. म्हणून मी आणि नाशिकची एक मैत्रीण एकमेकींच्या फाइली ऐकतो. दोघींचंही काम हेच, पण स्पर्धा नाही. तिचा आवाज आईचा, माझा बातम्यांचा. क्लायंटची हरकत नसेल तेव्हाच, आणि पैसे नाहीत. फक्त स्तुती करायची नाही एवढा नियम. परवा एका बँकेच्या कामासाठी मी तिला दहा मिनिटांची फाइल पाठवली. साडेदहाच्या आत रेकॉर्ड केली होती, घाई होती म्हणून. अर्ध्या तासात तिचा मेसेज आला: "दुसरं मिनिट, मुदत ठेव, 'व्याज'चा ज हिंदी. सहावं मिनिट, कुकर. दोन शिट्ट्या. वरणाचा वाटतोय."