अंटार्क्टिकाच्या जहाजसफरीत पेंग्विन आणि हिमनद्या पाहताना

अंटार्क्टिकाला जाणारी बहुतेक पर्यटक जहाजे अर्जेंटिनातील उश्वाया बंदरातून निघतात आणि ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून सुमारे दोन दिवसांनी अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ पोहोचतात. जहाज निवडताना खोलीच्या सजावटीआधी प्रवासीसंख्या विचारावी. ‘आयाटो’ या सहल कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी 100 हून अधिक प्रवाशांना उतरता येत नाही आणि 500 हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाच किनाऱ्यावर नेले जात नाही. त्यामुळे मोठ्या जहाजाचे तिकीट स्वस्त दिसले, तरी पाळीची वाट पाहण्यात किंवा नुसते कठड्याशी उभे राहण्यातच सफर संपू शकते.

नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विन घरट्यांसाठी खडे जमवत असतात. शेजाऱ्याच्या घरट्यातले खडे पळवण्यातही त्यांना संकोच वाटत नाही. डिसेंबरअखेरपासून पिल्ले दिसू लागतात, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे अधिक दिसतात, पण पेंग्विनांच्या वसाहतींत चिखल आणि विष्ठेचा उग्र दर्प वाढलेला असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने जानेवारी निवडावा, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर ते मार्च या तिथल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरील तापमान शून्याच्या आसपास असते. खरा त्रास वारा आणि अंगावर उडणारे पाणी यांचा होतो. म्हणून एकच जाड कोट घालण्याऐवजी आत लोकरीचे, मध्ये उबदार आणि वर जलरोधक असे थर घालावेत. जलरोधक विजार गमबुटांच्या आत न खोचता बाहेर ठेवावी, म्हणजे झोडियाक या रबरी होडीतून उतरताना बुटांत पाणी शिरत नाही. होडीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि खलाशाचा पंजा न धरता मनगटाजवळून हात धरावा.

उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकात बुडवून घेतले जातात, तसेच कपड्यांत अडकलेले बी व माती काढून टाकावी लागते. बर्ड फ्लूच्या साथीमुळे जमिनीवर बसणे, गुडघे टेकणे किंवा पिशवी खाली ठेवणेही टाळायचे असते. पेंग्विनपासून किमान 5 मीटर दूर राहावे. समुद्राकडे ये-जा करताना त्यांनी बर्फात पाडलेल्या वाटा ओलांडण्यापूर्वी थांबून त्यांना आधी जाऊ द्यावे. आपला पाय बर्फात खोल रुतल्यास तो खड्डा बुजवावा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येणे कठीण जाते. द्वीपकल्पाजवळच्या क्युव्हरव्हिल बेटावर जेंटू जातीच्या पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. तिथे भटकत फोटो काढण्यापेक्षा एका जागी निश्चल उभे राहिल्यास भांडणे, चोऱ्या आणि पिल्लांना भरवणे असा सारा संसार पाहायला मिळतो.

द्वीपकल्पावरील नेको हार्बर या खाडीत पेंग्विनांबरोबर हिमनदीही समोर असते, पण तिथे पाण्याच्या कडेला रेंगाळू नये. हिमनदीच्या कड्यातून बर्फाचा मोठा तुकडा सुटला की आधी तो पडताना दिसतो, मग गडगडाट ऐकू येतो आणि थोड्या वेळाने लाट किनाऱ्यावर चढते. त्यामुळे आवाज ऐकताच कॅमेरा सावरण्याऐवजी उंचावर सरकावे. कड्याचा निळा रंग ढगाळ हवेत अधिक खुलतो. दाबाने घट्ट झालेल्या बर्फात हवेचे बुडबुडे फार कमी उरतात आणि तो प्रकाशातील लाल छटा शोषून घेतो, म्हणून तो निळा दिसतो.

हवामान बिघडल्यास उतरण्याचे ठिकाण ऐनवेळी बदलते आणि परतीलाही उशीर होऊ शकतो. त्यामुळे उश्वायाहून निघणारे विमान जहाज परतण्याच्या दिवशीचे न घेता मध्ये एखादा मोकळा दिवस ठेवावा, आणि वैद्यकीय कारणाने बाहेर काढण्याचा खर्च विम्यात समाविष्ट आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वीच तपासावे.